मुंगीपासून सुरुवात करा: लहानग्यांना नबींच्या गोष्टी सांगताना

चार-पाच वर्षांच्या पोराला नबींची, म्हणजे पैगंबरांची, गोष्ट सांगायला बसलं की आपण हमखास मोठ्या गोष्टीला हात घालतो: नूह अलैहिस्सलाम (त्यांच्यावर शांती असो) यांची नाव, नाहीतर मूसा अलैहिस्सलाम यांच्यासाठी दुभंगलेला समुद्र. माझं ऐकाल तर पहिल्या रात्री मुंगी घ्या.

आधी स्वतः वाचा. लहानपणी ऐकलेल्या आठवणीवर विसंबू नका. कुरआनातल्या 27व्या सूरहचं, म्हणजे अध्यायाचं, नावच ‘नम्ल’, म्हणजे मुंग्या. तर्जुमा (अनुवाद) उघडून 17 ते 19 या तीन आयती, म्हणजे वचनं, वाचा. नबी आणि बादशहा सुलेमान अलैहिस्सलाम यांचं लष्कर निघालंय, त्यात जिन आहेत, माणसं आहेत, पक्षी आहेत. मुंग्यांच्या खोऱ्यात एक मुंगी ओरडते, आपापल्या घरात शिरा, नाहीतर सुलेमान आणि त्यांचं लष्कर तुम्हाला नकळत चिरडून टाकेल. ते ऐकून सुलेमान हसतात आणि अल्लाहचे आभार मानायची तौफीक, म्हणजे तेवढं बळ, मागतात. संपली गोष्ट.

आता मीठमसाला कुठे घालायचा ते ठरवा. मुंग्यांची धावपळ, कोणाच्या तोंडातला दाणा पडला, कोण मागे राहिली, हे खुशाल रंगवा आणि ‘हे मी माझ्या मनाचं सांगतेय हं’ असं म्हणून टाका. नबींच्या तोंडी मात्र आपलं एक वाक्यही घालू नका. सुलेमान मुंगीशी काही बोलले असं त्या आयतींत नाही; ते हसले आणि दुआ केली. तेवढंच सांगा, पुरतं.

सांगताना हात वापरा. चादरीवर बोटं पळवा, ती मुंग्या. गादीवर मुठी आपटा, ते लष्कर. ‘नकळत’ या शब्दाशी थांबा आणि विचारा, मुंगी असं का म्हणाली? आमच्याकडे उत्तर आलं, “म्हणजे ते मुद्दाम नाही ना करणार.” यावर मला वेगळं तात्पर्य सांगावं लागलं नाही.

गोष्ट निवडताना खात्री करून घ्या. नबी मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्यावर रोज कचरा टाकणाऱ्या म्हातारीची गोष्ट आपण सगळेच ऐकत आलो. पण हदीसच्या, म्हणजे त्यांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या, प्रमाण ग्रंथांत ती नाही. मी ती सोडली. त्याऐवजी ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या हदीसच्या दोन्ही संग्रहांत असलेली तहानलेल्या कुत्र्याची घेतली: तहानेने ओली माती चाटणारं कुत्रं पाहून एक माणूस पुन्हा विहिरीत उतरतो, चामड्याच्या मोज्यात पाणी भरतो, मोजा दातांत धरून वर चढतो आणि त्याला पाजतो. अल्लाह त्या माणसाला माफ करतो. मोजा दातांत का? कारण चढायला दोन्ही हात लागतात. हे मुलांना लगेच पटतं. दुसऱ्या दिवशी शाळेचा मोजा बादलीत बुडवून दातांत धरलेला सापडला आणि जाजम भिजलं, एवढी तयारी ठेवा.

भीतीच्या जागा आधी हेरून ठेवा. यूनुस अलैहिस्सलाम माशाच्या पोटात गेले की आवाज खाली आणा, पण झोपेला आलेल्या मुलाला तिथे सोडून दिवा मालवू नका. ते किनाऱ्यावर येईपर्यंत, अल्लाहने त्यांच्यावर वेल उगवेपर्यंत, सांगत राहा. भोपळ्याचा वेल म्हटलं की मुलं हसतात. बकरी ईदच्या गोष्टीत तर मी शेवट आधी सांगते: मुलाला काहीही झालं नाही. मग इब्राहीम अलैहिस्सलाम यांना मुलाची कुर्बानी देताना दिसलेल्या स्वप्नाकडे येते. नूह अलैहिस्सलाम यांच्या बुडालेल्या मुलाची गोष्ट सात-आठ वर्षांपर्यंत थांबू शकते.

दुसऱ्या दिवशी कागद-रंग द्या. नबींचं चित्र आपण काढत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाका, म्हणजे अर्धं चित्र हिसकावून घ्यावं लागत नाही. मुंगी, मासा, विहीर, वेल, रंगवायला भरपूर आहे.

आणि ‘माहीत नाही’ म्हणायची सवय करा. आमच्या चित्रातल्या मुंगीला लाल फ्रॉक होता. “अम्मी, हिचं नाव काय?”

कुरआनात दिलेलं नाही, मी म्हटलं. लेकीने मुंगीच्या डोक्यावर नावासाठी मोकळी चौकट काढून ठेवली.