व्हायरल लोड वाढल्यावर औषधे बदलण्यापूर्वी

एचआयव्हीच्या उपचारात डॉक्टरांची खरी कसोटी लागते ती सहा महिन्यांहून अधिक काळ एआरटी (विषाणूला दाबून ठेवणारी औषधे) घेणाऱ्या रुग्णाचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, मिलिलिटरमागे १००० प्रतींच्या वर आल्यावर. अहवाल पाहताक्षणी औषधे बदलण्याचा मोह होतो, पण तो बहुतेक वेळा आवरावा. रुग्ण डोल्युटेग्राविर या एचआयव्हीविरोधी औषधावर असेल, तर गोळ्यांच्या नियमिततेबाबत समुपदेशन करून सुमारे तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी आणि तेव्हाही लोड उतरला नसेल तरच उपचार निष्फळ ठरला असे मानावे. एफाव्हिरेन्झ किंवा नेव्हिरापिन या एचआयव्हीविरोधी औषधांना विषाणू लवकर प्रतिकार मिळवतो, म्हणून त्यांवरील रुग्णाबाबत एका अहवालावरही बदलाचा विचार करता येतो.

समुपदेशनात ‘गोळ्या नियमित घेता ना?’ असे विचारल्यास उत्तर ‘हो’ असेच येते. त्याऐवजी गोळ्या अनेकांच्या राहून जातात हे आधी मान्य करून ‘गेल्या आठवड्यात किती राहिल्या?’ असे विचारावे. आजार घरच्यांपासून लपवावा लागणे, रात्रपाळी, नैराश्य, दारू किंवा गोळीमुळे झोप उडणे यांपैकी काहीतरी मग पुढे येते, आणि यांतले बरेचसे औषध न बदलता सुटण्यासारखे असते. (रागावलेल्या डॉक्टरांपुढे रुग्ण पुढच्या वेळीही खरे सांगत नाही.)

रुग्ण आणखी कोणती औषधे घेतो, हेही पाहावे. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्तावरील काही औषधे डोल्युटेग्राविरचे शोषण घटवतात, म्हणून ते त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे लागते. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल, तर डोल्युटेग्राविरची रक्तातील पातळी इतकी उतरते की ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा न देता दोनदा द्यावी लागते.

प्रतिकार-चाचणी (विषाणू कोणत्या औषधांना जुमानत नाही हे पाहणारी) करायची असल्यास ती रुग्ण औषधे घेत असतानाच, किंवा थांबवल्यापासून चार आठवड्यांच्या आत करावी, कारण औषधांचा दाब गेला की मूळ विषाणू पुन्हा वरचढ होतो आणि बदललेला विषाणू अहवालात दिसेनासा होतो. निष्फळ ठरलेल्या उपचारात एकच नवे औषध मिसळणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. थोड्याच काळात तेही निकामी होते. हिपॅटायटिस बीचा संसर्ग असेल, तर त्यालाही दाबून ठेवणारे एआरटीतील टेनोफोविर हे औषध परस्पर काढू नये, नाहीतर यकृताचा दाह उसळू शकतो.

गर्भवतीच्या बाबतीत मात्र तीन महिने थांबणे परवडत नाही. पुनर्चाचणी लवकर करावी, बदलाचा निर्णय तिच्याशी बोलून तातडीने घ्यावा आणि प्रसूतीच्या वेळी लोड उतरलेला नसल्यास बाळाला जन्मतःच द्यायच्या प्रतिबंधक औषधांची सोय आधीच करून ठेवावी.