खूण करा, मग मोजा: कोनीय विस्थापन काढायची माझी रीत

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना माझा एक हट्ट असतो. कोनीय विस्थापनाचं गणित सोडवायच्या आधी फिरणाऱ्या वस्तूवर एक खूण करायची, खडूने किंवा कागदाची चिकटपट्टी लावून. सायकलचं चाक असो, विहिरीवरची कप्पी असो नाहीतर छताचा पंखा. ती खूण आसाभोवती किती कोनातून आणि कुठल्या दिशेने फिरली, एवढंच आपल्याला काढायचं असतं. चाकाच्या कडेचा कण लांब अंतर कापतो, आसाजवळचा थोडंसं, पण कोन दोघांचा एकच. अख्ख्या चाकाबद्दल एका आकड्यात बोलता येतं, आणि म्हणूनच हे प्रकरण मला फार आवडतं.

आधी एकक. त्रिज्येइतक्या लांबीचा कंस केंद्राशी जो कोन करतो तो एक रेडियन. पूर्ण फेऱ्यात असे २ पाय (π, म्हणजे सुमारे ३.१४), म्हणजे ६.२८३ रेडियन बसतात. एक रेडियन सुमारे ५७.३ अंशांचा. आर्यभटाच्या 'ज्या'च्या (म्हणजे साइनच्या) कोष्टकात त्रिज्या ३४३८ कलांची धरलेली आहे. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. ५७.३ ला ६० ने गुणून पाहा, तोच आकडा येतो. त्रिज्या कोनाच्या मापात मोजायची ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे.

फेरे दिले असतील तर २ पायने गुणा. अंश दिले असतील तर पायने गुणून १८० ने भागा. आणि 'थीटा = कंस भागिले त्रिज्या' (थीटा म्हणजे फिरलेला कोन) हे सूत्र फक्त रेडियनमध्ये चालतं. त्यात अंश घातले की उत्तर सत्तावन्न पटींनी चुकतं. पेपर तपासताना सगळ्यात जास्त गुण इथेच गेलेले दिसतात.

आता सायकल घ्या. पुढच्या टायरवर जमिनीला टेकलेल्या जागी खडूची रेघ मारा, तिच्याखाली फरशीवरही मारा. एकाने सायकलवर बसायचं, दुसऱ्याने सरळ रेषेत ढकलायची. माणूस बसला की टायर थोडा दबतो, त्यामुळे रिकामी सायकल ढकलून घेतलेलं माप किंचित जास्त येतं. टायरवरची रेघ पुन्हा जमिनीला टेकली की फरशीवर दुसरी खूण करा आणि टेपने अंतर मोजा. समजा ते २.२० मीटर आलं. २ पायने भागलं की त्रिज्या ०.३५ मीटर. हीच सायकल चाक न घसरता १० मीटर गेली, तर थीटा = १० भागिले ०.३५ = २८.६ रेडियन. म्हणजे साडेचार फेऱ्यांहून किंचित जास्त, सुमारे १६३६ अंश. त्यातून चार पूर्ण फेरे वजा करून उत्तर १९६ अंश लिहू नका. १९६ अंशांवरून खूण शेवटी कुठे उभी आहे एवढंच कळतं. चाक मात्र १६३६ अंश फिरलेलं आहे.

दिशेसाठी विहिरीवरची कप्पी बघा. कप्पीची त्रिज्या १५ सेंटिमीटर. बादली वर ओढताना ९ मीटर दोर कप्पीवरून न घसरता सरकला, तर कप्पी ९ भागिले ०.१५ = ६० रेडियन फिरली. ही दिशा धन धरू. मग दोर हातातून सुटून बादली ३ मीटर खाली गेली, म्हणजे उणे २० रेडियन. कोनीय विस्थापन ४० रेडियन, पण कप्पी एकूण फिरली ८० रेडियन. प्रश्नात यांपैकी काय विचारलं आहे ते दोनदा वाचा. दिशेची खूणगाठ आकृतीत बाण काढूनच बांधा, डोक्यात ठेवू नका.

पंख्याला जरा जास्त वेळ देऊ. पंखा मिनिटाला ३०० फेरे या वेगाने फिरतो आहे. बटण बंद केलं आणि ४० सेकंदांत तो थांबला. किती फिरला? आधी मिनिटाचे सेकंद करा: ३०० भागिले ६० म्हणजे सेकंदाला ५ फेरे, म्हणजे ओमेगा (कोनीय वेग) ३१.४ रेडियन प्रति सेकंद. वेग एकसारखा कमी होत गेला असं धरलं, तर सरासरी ओमेगा १५.७. त्याला ४० ने गुणलं की ६२८ रेडियन, नेमके १०० फेरे. अल्फा (कोनीय त्वरण, म्हणजे ओमेगा बदलण्याचा दर) विचारला असेल किंवा दिला असेल तर 'थीटा = सुरुवातीचा ओमेगा गुणिले वेळ, अधिक अर्धा अल्फा गुणिले वेळेचा वर्ग' हे वापरा. इथे अल्फा उणे ०.७८५ येतो, उत्तर तेच.

पण खरा पंखा असा थांबत नाही. वेग जास्त असताना हवेचा विरोध जास्त, म्हणून सुरुवातीला तो झपाट्याने मंदावतो आणि शेवटी रेंगाळतो. अल्फा बदलत असताना वरचं सूत्र लावणं चूकच. अशा वेळी ओमेगा आणि वेळ यांचा आलेख काढायचा. त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे कोनीय विस्थापन.

हे घरी करता येतं. एका पात्याला पांढरा कागद चिकटवा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. सेकंदाला २४० चित्रं घेणारा कॅमेरा असेल तर सेकंदाला ५ फेऱ्यांच्या वेगाला एका फेऱ्यात ४८ चित्रं येतात. ती मोजून कुठल्याही क्षणाचा वेग मिळतो. समजा दर १० सेकंदांनी नोंदी अशा आल्या: ५, २.८, १.५, ०.६ आणि ० फेरे प्रति सेकंद. पहिली आणि शेवटची नोंद अर्धी घ्या, मधल्या पूर्ण घ्या, बेरीज करा: ७.४. तिला १० ने गुणलं की ७४ फेरे, म्हणजे ४६५ रेडियन. सूत्राने आलेल्या शंभरातले सव्वीस फेरे या पंख्याने मारलेलेच नाहीत.

शेवटी एक प्रयोग पुस्तकाचा. पुस्तक टेबलावर ठेवा, उभ्या अक्षाभोवती ९० अंश फिरवा, मग डावी-उजवीकडे जाणाऱ्या आडव्या अक्षाभोवती ९० अंश. आता पुस्तक पहिल्यासारखं ठेवून हाच क्रम उलटा करा. पुस्तक वेगळ्याच स्थितीत येतं. सदिशांच्या (परिमाण आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींच्या) बेरजेत क्रम बदलून चालतो, इथे चालत नाही. म्हणून मोठं कोनीय विस्थापन सदिश नाही आणि अतिसूक्ष्म असेल तेव्हाच त्याला सदिश मानतात. कप्पीचे कोन आपण खुशाल मिळवले-वजा केले, कारण अक्ष एकच होता. गणितात अक्ष बदलत असेल, तर कोनांची नुसती बेरीज करू नका.