यंत्रावरील भरतकामासाठी लोगो कसा तयार करावा

जून जवळ आला की सोलापुरात शालेय गणवेश शिवणाऱ्यांकडे जे लोगो येतात, त्यांपैकी कित्येक म्हणजे लेटरहेडचे मोबाइलवर टिपलेले फोटो असतात. असा लोगो कागदावर कसाबसा छापता येईल; परंतु दोऱ्याला स्वतःची जाडी असल्यामुळे तो जसाच्या तसा भरता येत नाही.

प्रथम कापड आणि माप ठरवावे. छातीवरील लोगो साधारणतः ८ ते ९ सेंमी रुंद असतो. त्याच मापात तो कागदावर छापून पाहिल्यास अडचणी तेथेच दिसतात. नेहमीच्या ४० नंबरच्या दोऱ्याने ५ मिमीपेक्षा लहान इंग्रजी अक्षरे भरली, तर त्यांच्या पोकळ्या बुजतात. देवनागरीला त्याहून अधिक उंची लागते, कारण रफार, अनुस्वार आणि वेलांटी शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली बसवावा लागतो आणि ‘क्ष’, ‘श्र’ यांसारख्या अक्षरांत मुळातच मोकळी जागा कमी असते. वर्तुळाच्या कडेने बारीक अक्षरांत लिहिलेले संस्कृत ब्रीदवाक्य संस्थेच्या संमतीने वगळणेच, माझ्या मते, शहाणपणाचे. न वाचता येणाऱ्या ब्रीदापेक्षा स्वच्छ चिन्ह बरे.

त्यानंतर कोरलड्रॉसारख्या सॉफ्टवेअरमध्ये लोगो व्हेक्टर स्वरूपात (म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा व आकारांनी) नव्याने रेखाटावा, अक्षरांचे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकारांत, रूपांतर करावे, छटा व सावल्या काढून सपाट रंग ठेवावेत आणि १ मिमीपेक्षा बारीक रेषा जाड कराव्यात. रंग पडद्यावर पाहून न ठरवता दोऱ्याच्या शेड कार्डावरील क्रमांकाने कळवावेत.

पंचिंग करणाऱ्याला, म्हणजे लोगोवरून यंत्रासाठी टाक्यांची फाइल तयार करणाऱ्याला, कापडाचा प्रकार आवर्जून सांगावा. टाके कापडाला आत ओढतात, त्यामुळे गोल आकार लंबगोल होतो. ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टवर हा दोष अधिक जाणवतो, म्हणून तेथे खाली कट-अवे बॅकिंग (भरतकामानंतर कडेने कापून बाकीचे तसेच ठेवायचे आधाराचे कापड) लावून आकार टाक्यांच्या दिशेने किंचित वाढवून घ्यावा लागतो. आपल्याकडच्या टेरी टॉवेलवर तर सुताचे फासे टाक्यांतून वर डोकावतात. तेथे खाली अस्तराचे टाके (मुख्य टाक्यांआधी घातलेला टाक्यांचा थर) आणि वर पाण्यात विरघळणारी फिल्म, दोन्ही हवीत.

पंचिंगमधून तयार झालेली डीएसटी फाइल (यंत्र वाचते ती टाक्यांची फाइल) टोपीसाठी सरळ लहान करू नये, कारण टाके दाटून दोरा तुटतो. वेगळे पंचिंग करून घ्यावे. या फाइलमध्ये रंगांची माहिती नसते, त्यामुळे रंगांचा क्रम कागदावर लिहून द्यावा. नमुना त्याच कापडावर काढून, एकदा धुऊन व इस्त्री करून पाहिल्यानंतरच पुढील काम सुरू करण्यास सांगावे.