तेरा जणांनी परक्या मैदानावर रग्बी कशी खेळावी

रग्बीचा पूर्ण संघ पंधरा जणांचा, पण कधी दोघे कमी पडतात. निघण्याआधी डोकी नव्हे, पुढची फळी मोजा, म्हणजे स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू वाकून, एकमेकांना भिडून चेंडूसाठी ढकलतात तेव्हा) सर्वांत पुढे असणारे तिघे. दोन प्रॉप आणि एक हुकर, तिघेही त्या जागेचे प्रशिक्षित हवेत. नसतील तर यजमान कर्णधाराला आदल्या दिवशीच कळवा. स्क्रम ढकलाढकलीविना होईल. नवख्याला तिथे उभं करू नका, मान दुखावते. यजमानांकडून खेळाडू उसने घेता येतात, पण आधी स्पर्धेचा नोंदणीचा आणि विम्याचा नियम पाहा. कमी माणसांत सामना चालेल का, हे पंचांशी सुरुवातीआधी बोला.

तेरा असाल तर एक फ्लँकर (स्क्रमच्या बाजूला जोडलेला) आणि एक विंगर (मैदानाच्या कडेला धावणारा) कमी करा. संघ अपुरा असल्यास स्क्रममध्ये सात चालतात; पाचाच्या खाली मात्र कधीच नाही. लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मध्ये आत फेकणं) तुमची असेल तर चौघांचीच लावा; समोरच्यांना त्याहून जास्त माणसं उभी करता येत नाहीत.

खरी फजिती बचावात होते. प्रत्येक रकमध्ये (पडलेल्या चेंडूवर दोन्ही संघ उभ्याने भिडतात तिथे) तिघे-चौघे घुसले की कडेला कुणीच उरत नाही. टॅकलरखेरीज (धावणाऱ्याला पाडणाऱ्याखेरीज) एकच जण पाठवा, बाकीचे रांगेत पसरा. मोकळी जागा बाहेरच्या कडेला ठेवा आणि रांग आतून बाहेर सरकवा, म्हणजे धावणारा टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, ढकलला जातो. मैदानाच्या मध्यात लांब किक मारू नका, पाठलागाला माणसं नसतात. पेनल्टी मिळाली की चेंडू टचलाइनबाहेर मारा: थ्रो तुमचाच राहतो, शिवाय चालत जाताना श्वास सावरतो. पहिली वीस मिनिटं वेग मुद्दाम कमी ठेवा.