विमान टॅक्सी करताना या चुका टाळा

27 ऑगस्ट 2006. अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन विमानतळावर अजून उजाडलं नव्हतं. कॉमएअर 5191 या प्रवासी विमानाला 7,003 फूट लांबीच्या रनवे 22 वरून उडायचं होतं, पण विमान वळलं रनवे 26 वर. त्याची लांबी जेमतेम 3,500 फूट, आणि दिवे बंद. विमानातले 50 पैकी 49 जण गेले, एकटा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, वाचला.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून रनवेकडे नेताना, कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसरच्या कामाबाहेरच्या गप्पा रंगल्या होत्या. नंतर विमान धावू लागल्यावर फर्स्ट ऑफिसरला दिवे नसल्याचं खटकलं. तो तसं बोललाही, कॅप्टनने नुसता दुजोरा दिला. रनवेचा नंबर म्हणजे त्याची कंपासवरची दिशा, शेवटचं शून्य गाळून. त्यामुळे कंपासकडे एक नजर टाकली असती तरी सुमारे 40 अंशांचा फरक दिसला असता. म्हणून रनवेवर वळलात की पाटीवरचा नंबर, खाली रंगवलेला नंबर आणि कंपास, तिन्ही जुळतात का ते मोठ्याने म्हणा. जुळत नसेल तर थ्रॉटल (इंजिनची ताकद वाढवणारा दांडा) पुढे ढकलायचा नाही.

टॅक्सी करताना आणि 10,000 फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नाही, हा नियम अमेरिकेत 1981 पासून आहे. आपल्या बारामती-गोंदियाला विमान चालवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना अडचण वेगळी येते: शेजारी इन्स्ट्रक्टरच बोलत असतात. संकोच करू नका. "सर, रनवे ओलांडून झाल्यावर बोलूया का?" एवढं म्हटलं तर कुठलाही चांगला शिक्षक रागावत नाही.

गप्पा निदान चूक म्हणून ओळखता तरी येतात. मला जास्त भीती वाटते ती कामातच गुंतलेल्या माणसाची. 16 ऑगस्ट 1987 ला डेट्रॉइटमध्ये नॉर्थवेस्ट 255 या प्रवासी विमानाच्या वैमानिकांना टॅक्सी सुरू असताना रनवे बदलून मिळाला. नव्या रनवेचे आकडे तपासायचे होते, त्यात एक वळण चुकलं, ग्राउंड कंट्रोलशी (जमिनीवरच्या विमानांना वाट सांगणाऱ्यांशी) बोलावं लागलं. टॅक्सीची चेकलिस्ट राहून गेली. उडताना जास्त उचल देणारे पंखांचे फ्लॅप लावलेच गेले नाहीत, आणि ते लागलेले नाहीत हे सांगणारा इशाराही वाजला नाही. 156 माणसं गेली. विमानातली चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली.

यावर उपाय आहे. रनवे बदलला किंवा काही टाइप करायचं असलं, तर विमान थांबवण्याची परवानगी मागा आणि थांबूनच करा. दोन वैमानिक असतील तर एकाची मान खाली असताना दुसऱ्याची नजर बाहेरच हवी. आणि चेकलिस्ट मध्येच तुटली तर "बहुतेक इथपर्यंत झालं होतं" असं म्हणून पुढे जाऊ नका, पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणा. अर्धा मिनिटही लागत नाही.

टॅक्सीचा मार्ग लिहून घ्या. 'होल्ड शॉर्ट', म्हणजे रनवेच्या अलीकडेच थांबा, असं ऐकलं की रनवेच्या नंबरासकट परत म्हणा. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे 09/27 आणि 14/32 हे रनवे एकमेकांना छेदतात, तिथे नंबर गाळलेला रीडबॅक (परत म्हटलेली सूचना) अर्धवटच. थांबायच्या जागी चार पिवळ्या रेषा असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेषा तुमच्या बाजूला असतील तर परवानगीशिवाय नाकसुद्धा पुढे जाता कामा नये.

रस्ता चुकला असं वाटलं तर? पुढची पाटी दिसेपर्यंत जाऊ, हा विचारच घातक. मिलानच्या लिनाते विमानतळावर 8 ऑक्टोबर 2001 ला दाट धुक्यात एक छोटं सेसना जेट आर5 ऐवजी आर6 टॅक्सीवेने (रनवेकडे जाणाऱ्या रस्त्याने) निघालं आणि उड्डाण घेणाऱ्या एमडी-87 या प्रवासी विमानाच्या वाटेत आलं. 118 जण गेले. टॅक्सीवेवर असाल तर तिथेच थांबा, पार्किंग ब्रेक लावा, चार्ट (विमानतळाचा नकाशा) मग उघडा आणि ग्राउंडला सरळ सांगा: मी कुठे आहे याची खात्री नाही. पण आपण रनवेवर आलोय अशी नुसती शंका आली तरी तिथे चार्ट उघडत बसायचं नाही. टॉवरला लगेच कळवा आणि तो रनवे सोडा.