केदारेश्वराच्या गुहेत उतरण्याआधी: हरिश्चंद्रगडाची तयारी

हरिश्चंद्रगडावर कधी जायचं, हे बहुतेक जण सुट्टी बघून ठरवतात. केदारेश्वराच्या गुहेत उतरायचं असेल तर ते पाणी बघून ठरवावं. इथली पिंड कोरड्या गाभाऱ्यात नाही. सुमारे मीटरभर उंचीची ही पिंड कातळात खोदलेल्या दालनाच्या मधोमध आहे, आणि तिच्याभोवती कंबरभर गार पाणी आहे. प्रदक्षिणा घालायची तर त्या पाण्यातूनच. म्हणून महिना, वाट, घरून निघायची वेळ, अंगावरचे कपडे, सगळं पाण्याच्या हिशेबानं ठरतं.

कधी जावं

जून ते सप्टेंबर गुहा विसराच. समोरून मोठा ओढा वाहतो, दालनात पाणी चढतं आणि ते गढूळ असल्यामुळे पायाखालचं काहीच दिसत नाही. श्रावणी सोमवारी गडावर येणाऱ्यांनी बाहेरूनच हात जोडावेत. गुहेच्या तोंडापर्यंत जाता येईल की नाही हेही त्या दिवसाचा पाऊस ठरवतो. ऑक्टोबरात पाणी निवळायला लागतं, पण पातळी बरीच असते. दर्शनासाठी सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. पाणी नितळ असतं, तळ दिसतो, पायवाटा कोरड्या असतात. मात्र डिसेंबर-जानेवारीत ते इतकं गार असतं की दोन मिनिटांत पाय बधिर होतात. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलेलं आणि गुहा सुखद असते, पण तिथवरची चढण उन्हात जीव काढते. महाशिवरात्रीला यात्रा भरते. दर्शनाचं पुण्य हवं असेल तर तेव्हा जा, गुहा नीट बघायची असेल तर नको. शेकडो पायांनी ढवळलेल्या पाण्यात तळ दिसत नाही आणि मागच्यांच्या रेट्यात थांबताही येत नाही.

कुठून चढावं

गड अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे, उंची सुमारे १४२० मीटर. फक्त गुहा आणि हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर करायचं असेल तर पाचनईची वाट धरावी. मुंबईकडून घोटी–भंडारदरा–राजूर करत पाचनई गाठता येते, पुण्याकडून आळेफाटा–ओतूर–ब्राह्मणवाडा–कोतूळ असं येता येतं. राजूरहून पुढे एसटीच्या फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे स्वतःची गाडी नसेल तर परतीची सोय जातानाच पक्की करावी. गावातून मंदिरापर्यंत दोन ते अडीच तास लागतात. वाट एका उभ्या कड्याच्या पोटाखालून आडवी जाते आणि पुढे ओढ्याच्या सोबतीनं पठारावर येते. चुकायला फारशी जागा नाही.

खिरेश्वरची वाट लांब आणि जास्त देखणी. कल्याण–माळशेज–आळेफाटा रस्त्यावर खुबी फाट्याला उतरायचं, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेनं पाच-सहा किलोमीटर चालून खिरेश्वर गाठायचं. गावाजवळच्या नागेश्वर मंदिराच्या छतावरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे. तिथून तोलार खिंड, खिंडीनंतर लोखंडी रेलिंग लावलेला कातळटप्पा, आणि मग रानातून एकामागून एक टेकड्या. खिरेश्वरपासून मंदिरापर्यंत चार ते पाच तास धरावेत. लोक चुकतात ते या टेकड्यांवरच. प्रत्येक टेकडीवरून वाटतं की आता पोचलो, आणि समोर आणखी एक उभी असते. मग कुणीतरी जवळची वाट शोधायला जातो आणि कारवीच्या रानात अडकतो. धुकं असेल तर गावातला वाटाड्या घ्याच. नळीची वाट हा सरळसरळ प्रस्तरारोहणाचा मामला आहे. दोर आणि अनुभव दोन्ही नसतील तर तिचा विचार दर्शनाच्या बेतात आणू नये.

गड कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर नोंद करून शुल्क भरावं लागतं, आणि मुक्कामाचे व तंबूचे नियम त्या दिवशी काय आहेत हेही तिथेच विचारून घ्यावं. सुट्टे पैसे जवळ असू द्या. वर मोबाइलला रेंज मिळेल याची खात्री नाही, त्यामुळे ऑनलाइन पैशांच्या भरवशावर राहिलात तर झोपडीतलं पिठलं-भाकरी समोर असूनही उपाशी राहाल.

पोचल्यावर आधी काय

एका दिवसात परतायचं असेल तर पाचनईहून सकाळी साडेसहा-सातला चढायला लागा, म्हणजे नऊ-साडेनऊला मंदिरापाशी असाल. लगेच पाण्यात उतरू नका. घामेजलेल्या, तापलेल्या अंगानं गार पाण्यात गेलं की श्वास अडकतो आणि पायात गोळे येतात. वीस-पंचवीस मिनिटं मंदिर बघण्यात घालवावीत, आणि ती वाया जात नाहीत. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ सुमारे सोळा मीटर उंच आहे आणि भोवतीच्या कातळात खोदलेल्या खोल्या व टाकी त्याला चिकटूनच आहेत. चांगदेवांनी शके १२३४ मध्ये, म्हणजे इ.स. १३१२ च्या सुमारास, ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ इथेच लिहिला. वाघावर बसून हातात सापाचा आसूड घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघालेले ते हेच चांगदेव. जमिनीखालच्या एका खोलीत ते तप करत असं सांगतात. समोरच्या पुष्करणीला सप्ततीर्थ म्हणतात. तिच्या काठच्या देवळीवजा कोनाड्यांची रांग बघा, पण पाणी पिऊ नका.

गडाच्या नावाची कथा सगळ्यांना ठाऊक असते: राजा हरिश्चंद्र, राणी तारामती, मुलगा रोहिदास. त्यांची नावं गडाला आणि शिखरांना मिळाली आहेत. गुहेची कथा मात्र वेगळी. पिंडीच्या चार कोपऱ्यांना चार खांब होते, चार युगांचे चार. सत्य, त्रेता आणि द्वापर संपले तसे तीन खांब पडले. चौथा कलियुगाचा, तो पडला की जगाचा अंत, असं सांगतात. आज एकच खांब शाबूत आहे, त्यामुळे कथा ऐकून आत शिरलेल्या माणसाची नजर आधी छताकडे जाते. एवढं घाबरायचं कारण नाही. बांधलेल्या घरात छत खांबांवर टेकलेलं असतं, तसं लेण्यात नसतं. इथे छत, खांब आणि जमीन एकाच कातळातून कोरून काढलेली असतात, आणि खांब तुटला तरी वरचा कातळ स्वतःच्या जोरावर उभा राहतो. म्हणूनच सह्याद्रीतल्या कितीतरी लेण्यांत खालून तुटलेले खांब छताला नुसते लटकलेले दिसतात. तरीही उरलेल्या एका खांबाला मिठी मारून किंवा पाय टेकवून फोटो काढू नका. तो शेकडो वर्षं पाण्यात उभा आहे.

पाण्यात उतरताना

गुहा मंदिराजवळच, ओढ्याच्या अंगाला आहे. तोंड उघडं असल्यामुळे दिवसा पुढच्या भागात उजेड असतो, पिंडीमागे मात्र अंधारच. डोक्याला बांधायची विजेरी इथे उपयोगी पडते, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. फोन, पाकीट, गाडीची किल्ली बाहेर सोबत्याकडे द्या. पाण्यातून वर काढलेल्या फोनांची या गुहेत कमतरता नाही.

कपड्यांत जीन्स नको. भिजली की जड होते, वाळत नाही, आणि उतरताना मांड्या सोलते. पातळ, पटकन वाळणारी अर्धी चड्डी किंवा सलवार आणि टी-शर्ट बरा. साडी नेसून उतरणार असाल तर काष्टा घालावा, सुटा घोळ पाण्यात पायात येतो. चपला-बूट आत नेत नाहीत आणि अनवाणी पाय शेवाळावर सटकतात. यावर सोपा उपाय म्हणजे जाड सुती मोज्यांचा एक जुना जोड. ओले मोजे दगडाला चांगले धरतात आणि तळाशी काचेचा तुकडा असलाच तर थोडा आडोसाही होतो.

काठावर बसून आधी हात, मग तोंड आणि मान ओली करा. मग पाय सोडा आणि एक मिनिट तसंच बसा. पहिल्या धक्क्याला श्वास जोरात आत ओढला जातो, तो शांत होईपर्यंत पुढे जाऊ नका. उडी मारणं तर निव्वळ मूर्खपणा: तळ सपाट नाही, आणि पडलेल्या खांबांचे अवशेष आत आहेत. पिंड उजव्या हाताला ठेवत डावीकडून सुरुवात करा. पाय उचलून टाकू नका, तळावर घासत सरकवा, आणि हात भिंतीकडे ठेवा. शिवाला अर्धी प्रदक्षिणा घालावी, सोमसूत्र, म्हणजे पिंडीवरचं पाणी वाहून जायची पन्हळ, ओलांडू नये असा नियम आपल्याकडे आहे; इथे लोक सर्रास पूर्ण फेरी घालतात. नियम पाळणाऱ्यानं अर्ध्यातून माघारी वळावं, फक्त समोरून येणाऱ्याला आधी वाट द्यावी. मागच्या बाजूला दोघांना शेजारून जाणं अवघड जातं.

एका वेळी तीन-चार जणांपेक्षा जास्त माणसं आत नकोत, आणि एकजण कायम काठावर कोरडा असावा. पाच ते सात मिनिटं पुरतात. बोटं बधिर झाली, दात वाजायला लागले की फेरी अर्धी असली तरी बाहेर या. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा फिट्स येणाऱ्यांनी उतरूच नये. मोठ्या माणसाच्या कमरेचं पाणी लहान मुलाच्या गळ्याशी येतं, त्यामुळे मुलांना काठावरूनच दर्शन द्यावं. खांद्यावर घेऊनही नको, कारण घसरलात तर दोघंही पडाल.

दूध, तेल, हळद-कुंकू पाण्यात ओतू नका. हे पाणी नळाच्या पाण्यासारखं बदलत राहत नाही; कोरड्या महिन्यांत ओतलेलं तेल पावसाळ्यापर्यंत तवंग धरून बसतं आणि दगड आणखी निसरडा होतो. बेलाचं पान पिंडीवर ठेवायचं असेल तर एकच ठेवा. कापूर-उदबत्तीचा धूर बंदिस्त दालनात कोंडतो, आणि कड्याकपारीत आग्या मोहोळं असतात, त्यांना धूर आणि अत्तराचा वास दोन्ही चालत नाहीत.

बाहेर आल्यावर डोकं आधी पुसा, मग ओले कपडे लगेच बदला. कपडे बदलायला आडोसा शोधावा लागतो, म्हणून एक जुनी चादर आणा. दोघींनी धरली की खोली तयार. पठारावरचा वारा ओल्या अंगाला पाण्यापेक्षा जास्त थंडी भरवतो, आणि म्हणूनच ही आंघोळ संध्याकाळी करू नये. अकराच्या सुमारास उतरलात तर नंतर दगडावर ऊन खात बसता येतं. जेवणही नंतरच. भरल्या पोटी पाण्यात गेलात तर पिठलं-भाकरीची चव वेगळ्या कारणानं लक्षात राहील.

उरलेला दिवस

दुपारी कोकणकडा. मंदिरापासून पाऊण तासाची सपाट वाट आहे. कडा आतल्या बाजूला वळलेला असल्यामुळे टोकावर उभं राहिलं तर पायाखाली फक्त दगडाची कड असते, खाली काही नसतं. पोटावर झोपून, मागून कुणीतरी पाय धरून बघावं. रेलिंगवर बसू नये. इंद्रवज्र, म्हणजे समोरच्या ढगांवर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, बघायची हौस असेल तर एका दिवसाच्या बेतात ते साधत नाही. कडा पश्चिमेला तोंड करून आहे आणि इंद्रवज्रासाठी ऊन पाठीमागून यावं लागतं, समोर दरीत ढग हवेत. म्हणजे मुक्काम करून पावसाळ्याच्या अखेरीची सकाळ गाठायची. त्या दिवसांत केदारेश्वर पाण्याखाली असतो, दोन्ही एका फेरीत मिळणं अवघड.

पाणी माणशी तीन लिटर धरा. एक लिटर चढताना, एक दुपारी, आणि तिसरं उतरताना लागतं, जे बहुतेकांकडे नसतं. तारामती शिखर जोडायचं असेल तर आणखी दीड-दोन तास आणि लिटरभर पाणी वाढवा. माकडं पिशवीची चेन उघडतात, डबा तोंड बांधून ठेवा. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅकच्या तळाशी टाका. बाहेर लटकवले तर अरुंद जागी कारवीत अडकून तोल जातो. पाचनईकडे साडेतीनच्या आत उतरायला लागा. कड्याखालचा आडवा टप्पा अंधार पडायच्या आत पार झाला पाहिजे, आणि थकलेल्या पायांना तिथे चढताना लागला त्याहून जास्त वेळ लागतो.