मुंबईत गॅलरीत टोमॅटो लावताय? औषध मारायच्या आधी हे बघा

फुलं येतात आणि गळून जातात, टोमॅटो धरतो पण बुडाला काळा पडतो, नाहीतर पानं वळून द्रोणासारखी होतात. मुंबईत टोमॅटो लावणाऱ्या कुणालाही विचारा, यातलं एक तरी सांगणारच, आणि लगेच पुढचा प्रश्न की कुठलं औषध मारू. औषधाचं नंतर बघू, कारण यातलं बरंचसं रोग नसतोच, चुकीच्या महिन्यात लावणं आणि पाण्याचा गोंधळ, बस.

आधी टायमिंग. टोमॅटोचं फळ धरायला रात्र जरा गार लागते, साधारण १५ ते २२ डिग्री. रात्रीचं तापमान २४-२५ च्या वर राहायला लागलं की परागकण नीट काम करत नाहीत, आणि फूल देठाच्या सांध्याशी पिवळं पडून गळतं. आता मे महिन्यात आपल्याकडे रात्री २७ असतं, त्यामुळे फेब्रुवारीत हौसेने आणलेलं रोप एप्रिल-मेमध्ये नुसती पानं दाखवत उभं राहतं, त्यात ना तुमचा दोष ना खताचा. पावसाळ्यात तर अजून वाईट, दमट हवेत पराग चिकटून बसतात आणि करपा, म्हणजे पानांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग, फुकट मिळतो. म्हणून बी टाकायचं नवरात्राच्या सुमारास, पाऊस परतला की. ऑक्टोबर हीटमध्ये रोपांना दुपारी सावली द्या, तीन-चार आठवड्यांनी मोठ्या कुंडीत हलवा, म्हणजे संक्रांतीच्या आसपास टोमॅटो हातात येतो. जानेवारीत सांताक्रूझला रात्री १७ पर्यंत उतरतं, कुलाब्याकडे दोन-तीन डिग्री जास्तच असतं पण चालतं.

दुसरं ऊन. सहा तास तरी थेट ऊन हवं, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो त्यामुळे दक्षिणेची खिडकी असेल तर लॉटरीच समजा. उत्तरेच्या गॅलरीत टोमॅटो लावू नका, सरळ पुदिना लावा.

कुंडी निदान १२ ते १५ इंची, खाली भोकं हवीतच. नर्सरीतली नुसती लाल माती भरू नका, ती कडक होऊन बसते, त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत मिसळा. रोप लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. काठीसुद्धा तेव्हाच रोवून टाका, नंतर रोवली की मुळं तुटतात.

आता पाणी, खरी गंमत इथेच आहे. तो बुडाचा काळा, चामड्यासारखा डाग म्हणजे बुरशी नाही, फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, त्यामुळे दोन दिवस माती कोरडी ठणठणीत आणि मग रविवारी बादलीभर पाणी असं केलं की मातीत कॅल्शियम असूनही फळाला मिळत नाही. असंच कोरडं-ओलं झालं की पिकत आलेली फळं तडकतातसुद्धा. यावर लोक एप्सम सॉल्ट टाकायला सांगतात, ते टाकू नका, त्यात मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम नाही, उलट त्रास वाढू शकतो. अंड्याची टरफलंही चालतात असं म्हणतात पण ती कुजायला इतका वेळ लागतो की ह्या सीझनला काही उपयोग नाही. उपाय साधा आहे, सकाळी बोट घालून बघा, वरचा इंचभर कोरडा असेल तर खालून पाणी निघेपर्यंत घाला, आणि मातीवर सुकी पानं नाहीतर नारळाच्या शेंड्या पसरा. डाग पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. आणि हो, कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात आणि डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच.

पाणी मुळाशी घाला, पानांवर नाही. मातीचे शिंतोडे पानांवर उडाले की खालच्या पानांवर गोल गोल वलयं असलेले तपकिरी डाग येतात, तो करपा. झाड फूटभर वाढलं की तळाची पानं काढून टाका, हवा खेळते.

झाड मस्त हिरवंगार, दांडगं, पण फुलंच नाहीत? नायट्रोजन जास्त झालाय. शेणखत-युरियाचा मारा बंद करा. फुलं आहेत पण धरत नाहीत, आणि रात्री गार आहेत, तर सकाळी फुलांच्या घोसामागे हलकी टिचकी मारा. एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतं, फक्त हलवायला कोणीतरी लागतं, आणि बंद स्लायडिंगच्या आत ना वारा ना मधमाशी. इलेक्ट्रिक टूथब्रश असेल तर तो देठाला लावा, शेजारी हसतील, हसू दे.

पानं वळण्याचं मात्र नीट बघा. जुनी, खालची पानं वर वळली, हिरवीच आहेत आणि झाड वाढतंय, तर तो उन्हाचा-पाण्याचा ताण आहे, सोडून द्या. पण शेंड्याची नवी पानं बारीक, कडेने पिवळी, वळलेली आणि वाढ खुंटलेली असेल तर तो व्हायरस, पांढऱ्या माशीने आणलेला. याला औषध नाही, झाड पिशवीत बांधून फेका, जीव तुटला तरी. म्हणून माशीला आधीच अडवायचं. पिवळी चिकट कार्डं टांगा, आणि लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल, भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्यातून एकदा. अर्का रक्षकसारखी जात मिळाली तर उत्तम, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेली, ह्या व्हायरसला बऱ्यापैकी तोंड देते. हायब्रिड आहे, त्यामुळे तिचं बी ठेवून पुढच्या वर्षी तसंच झाड येईल असं नाही. घरात कोणी तंबाखू मळत असेल तर हात धुतल्याशिवाय झाडाला हात लावू देऊ नका, तंबाखूतूनही एक व्हायरस टोमॅटोला येतो.

फळाला जरा गुलाबी छटा आली की तोडून घरात ठेवा, चवीत फारसा फरक पडत नाही आणि पक्षी, उंदीर, खारी यांच्याआधी तुम्हाला मिळतं. मार्चअखेर झाड थकलं की उपटा, त्याच मातीत लगेच वांगं-मिरची लावू नका, एकाच कुळातली आहेत, तेच रोग पकडतात. चवळी लावा, उन्हाळा काढते.